सुजातावहिनीची चार माणसं

सुजातावहिनीच्या दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली असायची. दार जुनं, कडी लोखंडाची, लावताना खट्ट वाजायची म्हणून. भांड्यांच्या मांडणीवर जुन्या साडीचे तुकडे अंथरलेले, डब्यांच्या झाकणांना आतून कापड, आणि समुद्राकडच्या खिडकीवर जाड गोधडी. त्या घरात गेलं की आधी अंधार वाटायचा, आणि थोड्या वेळाने लक्षात यायचं की इथं काहीच वाजत नाही.

हीच बाई उंबऱ्याबाहेर पडली की तिचा आवाज खाडीपलीकडे दिघीला ऐकू जातो, असं लोक म्हणायचे. घरात कुजबूज आणि बाहेर हा गळा. माझी पडवी आणि तिचं अंगण यांच्यामध्ये फक्त एक कूड होता. मी सुपारी सोलायला पडवीत बसायची, त्यामुळे तिची दोन्ही बोलणी माझ्या कानावर पडायची. मला स्वतःला चारचौघांत बोलायची भीती वाटते. कदाचित म्हणूनच तिचं बोलणं माझ्या लक्षात राहिलं.

ती तळा गावची. माहेर डोंगरातलं, समुद्र तिने लग्नातच पहिल्यांदा पाहिला. तिचा नवरा मिलिंद आमच्या बौद्धवाडीतला. शाळेत माझ्याच वर्गात होता. मी चौथीनंतर घरी बसले, तो पुढे शिकला आणि नौदलात लागला. आमच्या वाडीत तेव्हा कोणाच्या घरी होडी नव्हती. शेती, मजुरी, एखादा मास्तर, एखादा सरकारी शिपाई. मिलिंद भरतीला जाणार हे कळल्यावर कोळीवाड्यातली पोरं त्याला चिडवायची. हरेश नावाचा एक त्यात पुढे असायचा.

"तुला बोट लागंल रे मिलिंदा," तो म्हणायचा. "ओकत ओकत परत येशील."

बोटीत बसल्यावर ज्याला गरगरतं, मळमळतं, त्याला बोट लागली असं आमच्याकडे म्हणतात. किनाऱ्यावरच्या पुरुषाला याच्याइतकी लाज दुसऱ्या कशाची नसते. चोरी केली तर लोक विसरतात, पण बोट लागली तर नातवापर्यंत सांगतात. पुढे हरेशही भरती झाला, आणि दोघेही त्या लहान, भन्नाट पळणाऱ्या गस्तीच्या बोटींवर गेले. मिलिंद चाकावर बसायचा, म्हणजे बोट चालवायचा. बसायचा म्हणजे खरं तर उभाच असायचा. त्या बोटी लाटेवरून उडतात आणि खाली आपटतात, पुन्हा उडतात, पुन्हा आपटतात. सुट्टीवर आला की तो हे हसत सांगायचा.

वहिनीला मात्र बोट लागायची आणि ती ते सगळ्यांना सांगत सुटायची. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत ती पाय ठेवायची ती हे बोलतच, "बाजूला व्हा हो, मला बोट लागते, नवीन साडी असंल तर लांब बसा." माणसं हसायची. एक म्हातारा कोळी तिला म्हणाला होता, "अगो, ही फेरीबोट हाय, ही कुठं हलते?"

"तुमाला न्हाय हलत, मला हलते," ती म्हणाली. "माझं पोट मला इचारून हलतं का?"

मग ती कठड्यावरून वाकून मोकळी व्हायची, तोंड धुवायची, आणि दिघीच्या धक्क्यावर उतरल्याबरोबर आधी वडापाव खायची. "पोट रिकामं झालं, आता भराय पायजे," असं तिचं गणित. लाज नावाची गोष्ट देवाने तिच्या वाट्याला घातलीच नव्हती, असं तिची सासू म्हणायची. ते कौतुक नव्हतं.

ती फार चांगली शेजारीण होती असंही नाही. माझी विळी नेली तर मागितल्याशिवाय परत यायची नाही. आमटी चाखायला दिली तर तिखट कमी आहे, मीठ जास्त आहे, सगळं तोंडावर सांगायची. नळावर तिची नि बाकीच्या बायकांची रोज काही ना काही चकमक. पण कोणाच्या घरी बाळंतपण असो नाहीतर मयत, ती बोलावण्याची वाट बघायची नाही. सरळ चुलीपाशी जाऊन बसायची.

मिलिंद मुदतीच्या आधीच नोकरी सोडून घरी आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता बायकोला सुख लागलं. पहिल्या पावसाळ्यातच दिसायला लागलं की माणूस बरोबर नाही. चालताना भिंतीला हात लावून चालायचा. उन्हात डोळे मिटून घ्यायचा. बाजारात गेला तर घराचा रस्ता विसरून मशिदीपाशी उभा राहायचा. जन्मापासूनचा रस्ता. पूर्वी कधी आवाज न चढवणारा माणूस, पातेल्याचं झाकण पडलं म्हणून ते पातेलंच अंगणात फेकून देई, आणि मग स्वतःच रडत बसे. सकाळी घरामागे जाऊन ओकायचा. लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तोच लावला.

वैशाखातल्या पौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता. नवा कर्णा लावला होता, दिव्यांच्या माळा होत्या. मिलिंद खांबाला धरून उभा होता. भाषण सुरू झालं आणि तो डोलायला लागला, खांबावरून हात सुटला आणि खाली बसला तो तसाच कलंडला. वाडीतले सगळ्यांत मोठे सोनूबापू माईकवर होते. ते थांबले आणि हळूच म्हणाले, "निदान आजच्या दिवशी तरी नको होतं रे, मिलिंदा." माईकमुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बायकांच्या बाजूने वहिनी उठली. मला वाटलं, नवऱ्याला उचलून घरी नेईल. ती बापूंपुढे जाऊन उभी राहिली.

"बापू, खाली उतरा. ह्यांच्या तोंडाचा वास घ्या."

"अगं सुनबाई, हे काय बोलतेस?"

"तुमी बोललात, मी न्हाय. उतरा."

म्हातारा माणूस, काठी टेकत उतरला. मिलिंदच्या तोंडाशी वाकला. पुन्हा वाकला.

"न्हाय," बापू म्हणाले.

"काय न्हाय?"

"वास न्हाय. प्यायलेला न्हाय हा."

"माईक तुमच्या हातात हाय, बापू. बोललात ते माईकवर बोललात."

बापूंनी माईक तोंडाजवळ नेला आणि सांगितलं, "मिलिंद प्यायलेला नाही. माझी चूक झाली." वहिनी म्हणाली, "आता तो कर्णा बंद करा. त्यानंच ह्यांचं असं झालंय." कर्णा बंद झाला आणि बाकीचं भाषण बापूंनी तोंडी केलं. पुढे बापूच तिच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलायचे.

दवाखाने सुरू झाले. तालुक्याचा झाला, जिल्ह्याचा झाला, मग शहरातलं सैनिकांचं इस्पितळ. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मनाच्या आजाराच्या विभागात नाव घातलं. गोळ्यांनी मिलिंद दिवसभर झोपायचा आणि उठला की आणखी डोलायचा. वहिनीला कोणीतरी विचारलं, मनाचा आजार म्हणायची लाज वाटते का?

"लाज कसली? वेडा झाला तरी माझाच हाय," ती म्हणाली. "पण हात मोडलेल्याच्या पायाला फळी बांधून काय उपेग?"

माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या एका कार्यालयात तिने मला सोबतीला नेलं होतं. तिथले साहेब सभ्य होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. मग विचारलं, "गोळी लागली होती?"

"न्हाय."

"स्फोटात सापडले? पडून डोकं आपटलं?"

"रोज आपटायची."

"डोकं?"

"बोट."

साहेब म्हणाले, "बाई, बोट आपटली तर इजा बोटीला होईल. माणसाला कशी होईल?"

वहिनीने पिशवीतून नारळ काढला. सोललेला, वाळलेला, आतलं खोबरं करवंटीपासून सुटून गोटा झालेला. तिने तो साहेबांच्या कानाशी नेऊन हलवला. आत गोटा खुळखुळला.

"वरून कुठं चीर हाय का बघा," ती म्हणाली. "न्हाय ना? आतलं सुटलंय."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी चेष्टा केली नाही. म्हणाले, "बाई, तुमचं मला पटतंय असं समजा. पण नारळावर मी सही कुठे करू?" आणि आम्ही परत आलो. एस.टी.त ती नारळ मांडीवर घेऊन बसली होती. घरी आल्यावर त्या गोट्याची तिने चटणी केली आणि मलाही दिली. तिखट कमी होतं, पण मी बोलले नाही.

पुढे इस्पितळातल्या एका वयस्क डॉक्टरांनी तिचं नीट ऐकून घेतलं. गोट्याचं उदाहरण ऐकून ते म्हणाले, "मेंदू असा सुटत नाही. तो मऊ असतो. दह्याचं भांडं घट्ट झाकण लावून डोक्यावरून नेलं, वाटेत रोज धक्के बसले, तर झाकण जागच्या जागी राहतं आणि आत दही मोडतं. तसं समजा." वहिनीने लगेच गोटा सोडला आणि दही धरलं. चूक दाखवली तर तिला राग यायचा नाही, फक्त पुढचा प्रश्न यायचा.

"मग मोडलेल्या दह्याचा डाक्टर कुठं असतो?"

डॉक्टरांनी सांगितलं की असा विभाग आहे. स्फोटात सापडलेल्या जवानांना तिथं पाठवतात. डोळे कसे फिरतात, तोल कुठे जातो, कान काय सांगतो, हे तिथं निराळ्या यंत्रांवर बघतात, आणि माणसाला पुन्हा चालायला, आठवायला शिकवतात. "पण बोटवाल्यांना तिथं कोणी पाठवलेलं माझ्या ऐकण्यात नाही," ते म्हणाले.

"मग आमाला पाठवा."

ते काम एका लष्करी डॉक्टरबाईंच्या हातात होतं. तरुण होत्या, कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं मोजकं. त्यांनी मिलिंदचे जुने कागद काढले. दरवर्षी तपासणी झाली होती. दरवर्षी विचारलं होतं, चक्कर येते का, डोकं दुखतं का, उलटी होते का. दरवर्षी उत्तर, नाही.

"यांनी कधी तक्रारच केलेली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज एकदम सांगतात. एका माणसावरून मी काय लिहू? या बोटींवरच्या आणखी काहींना हाच त्रास असेल तर गोष्ट वेगळी."

त्या संध्याकाळी कुडाच्या पलीकडे वहिनी घरातल्या हळू आवाजात मिलिंदशी बोलत होती.

"दरसाली इचारायचे तुमाला?"

"विचारायचे."

"आणि तुमी न्हाय म्हणायचात. येत असून?"

"हं."

"का पण?"

मग मिलिंद म्हणाला, "बोट लागते म्हणणाऱ्याला बोटीवर ठेवत नाहीत." आणि थोड्या वेळाने, "रांगेत माझ्या मागेच हरेश उभा असायचा."

भांडं ठेवल्याचाही आवाज आला नाही.

त्यानंतर वहिनी माणसं शोधायला निघाली. या किनाऱ्यावरचे, त्या बोटींवर काम करून घरी आलेले. नळावरच्या बायका म्हणायच्या, "निघाली बघा डोक्याची डाक्टरीण." ती वळून म्हणायची, "तुमची बी तपासून देते, आत काय असंल तर." तिची एक रीत होती. माणसाला ती भेटायचीच नाही. चुलीपाशी जाऊन त्याच्या बायकोला भेटायची, आणि चहा येण्याआधी विचारायची, "तुमचा माणूस सकाळी ओकतो का?"

दिघीच्या इक्बालभाईंच्या घरी ती गेली तेव्हा त्यांची बायको रेहाना घाबरून दाराकडे बघायला लागली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "घरी नमाज पढतात तेव्हा भिंतीला लागूनच मुसल्ला टाकतात. सजद्यातून उठताना हात टेकायला भिंत लागते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पंख्याची हवा इकडे येते."

हरिहरेश्वरला मी तिच्याबरोबर होते. फेरीबोटीत नेहमीप्रमाणे तिला बोट लागली, दिघीला वडापाव झाला, मग पुढे एस.टी. तिथला यशवंत पर्यटकांना खोल्या भाड्याने द्यायचा. देवळामागची प्रदक्षिणा कातळाच्या पायऱ्या उतरून समुद्राच्या काठाने जाते. पूर्वी तो पाहुण्यांना स्वतः फिरवून आणायचा. आता पायऱ्यांच्या तोंडाशीच बसून राहायचा. "गुडगा दुखतो म्हणतात," त्याची बायको अनसूया म्हणाली. "गुडग्याला कायपण झालेलं न्हाय. मी रोज तेल लावते, मला ठावं."

सगळ्यांत जवळचा आणि सगळ्यांत अवघड हरेश. नोकरीवरून आल्यावर त्याने घरची होडी भावाला दिली होती आणि मासळीला भाव राहिला नाही असं सांगत फिरायचा. वहिनी गेली तेव्हा तो अंगणात जाळं विणत बसला होता. बायको आत होती, ती बाहेर आली नाही.

"वहिनी, आमी दर्याची माणसं," तो म्हणाला. "आमाला बोट लागत न्हाय. तुमच्याकडं लागत असंल."

"आमच्याकडं लागते," वहिनी म्हणाली. "मला तर फेरीबोटीत लागते. पण तुमी सुकी मच्छी काढायला छपरावर का न्हाय चढत? परवा पाऊस आला तर तुमची बायको चढली. तुमी शिडी धरून खाली उभे होतात, डोळे मिटून."

हरेशच्या हातातली सुई थांबली. "कोणी सांगितलं?"

"कोण सांगंल? रस्त्यावरून जाताना मीच बघितलं."

तो पुन्हा विणायला लागला. ती उठली नाही. शेवटी खाली बघूनच तो म्हणाला, "येतो. पण मी काय बोलनार न्हाय."

चौघांना एकाच दिवशी इस्पितळात न्यायचं होतं. बायका बरोबर होत्या, डबे होते, पिशव्या सांभाळायला मी होते. डॉक्टरबाईंच्या दाराशी शिपाई म्हणाला, एकेकाने आत जा.

"एकेकटे गेले की खोटं बोलतात," वहिनी म्हणाली. "चौघांना एकदम घ्या."

आतून डॉक्टरबाईंनी ऐकलं असावं. म्हणाल्या, येऊ दे.

चौघे आत जाऊन टेबलापुढे रांगेत उभे राहिले. खुर्च्या होत्या, पण कोणी बसलं नाही. पाठ ताठ, हात बाजूला, नोकरीत असल्यासारखे. वहिनी आणि मी दाराला टेकून उभ्या होतो. डॉक्टरबाईंनी विचारायला सुरुवात केली.

"चक्कर येते?"

"नाही, मॅडम," इक्बालभाई म्हणाले.

"नाही. गुडघा थोडा दुखतो," यशवंत म्हणाला.

"काय नाय," हरेश म्हणाला.

मी वहिनीकडे पाहिलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. इतके दिवस फिरली, इतक्या चुलींपाशी बसली, आणि पुन्हा तेच 'नाही'. डॉक्टरबाई मिलिंदकडे वळल्या. त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर व्हरांड्यात कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला.

मिलिंदचा चेहरा पांढरा झाला. तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "आली."

आणि बाकीचे तिघे खाली बसल्यासारखे झाले. गुडघे वाकले, पाय फाकले, हात पुढे गेले आणि धरायला काही शोधू लागले. हरेशने टेबलाची कड पकडली. यशवंतच्या हातात इक्बालभाईंचा सदरा आला. इक्बालभाईंनी डोळे घट्ट मिटले होते. क्षणभर चौघे तसेच होते. फरशी कुठेच हलली नाही. मग एकेकाने गुडघे सरळ केले, पण वर कोणी बघेना.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय आली?"

मग मिलिंदच म्हणाला, "लाट, मॅडम." तो हळूहळू शब्द शोधत बोलत होता. "मी चाकावर असायचो. लाट दिसली की हाक द्यायची, आली. मागच्यांनी गुडघे वाकवायचे. ही हाक आमच्याकडच्या पोरांची. मग पंजाबचे, मद्रासचे, सगळे तीच शिकले. हाक चुकली तर मागचा तोंडावर पडायचा."

"आणि तुम्ही स्वतः?"

"माझे हात चाकावर."

"पण आता इथे कुठली लाट?"

मिलिंदने एकदा दाराकडे, वहिनीकडे पाहिलं. हरेश त्याच्या शेजारीच होता, त्याच्याकडे नाही पाहिलं.

"मला बोट लागते, मॅडम," तो म्हणाला. "जमिनीवर लागते. सकाळी उठल्यापासून लागते. नोकरीत होतो तेव्हापण लागायची. दरवर्षी विचारलं की मी नाही म्हणायचो."

हरेश आपल्या चपलांकडे बघत होता. टेबलाची कड त्याने अजून सोडली नव्हती.

"मला बी," तो म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "मला पयल्या वर्षापास्नं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बसा सगळे." या वेळी चौघे बसले. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा विचारायला सुरुवात केली, आणि या वेळी उत्तरं वेगळी आली. यशवंत गुडघ्याचं काही बोलला नाही. मी वहिनीला शोधलं तर ती खोलीत नव्हती. व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी उभी होती, तोंडावर पाणी मारत होती, पुन्हा पुन्हा. रेहानाने तिचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

सगळं लगेच झालं नाही. मंजुरी यायला पावसाळा गेला. आधी मिलिंद आणि हरेश यांना त्या विभागात पाठवलं, मग बाकीच्या दोघांना. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं सगळं परत येणार नाही. पण का गेलं हे आता माहीत आहे, आणि त्यावर काम करता येईल. चौघांपैकी यशवंतला सगळ्यांत जास्त फरक पडला. मिलिंदचं बरंच मोडलेलं होतं. चाकावर तोच सगळ्यांत जास्त काळ होता.

वहिनी तेवढ्यावर थांबली नाही. आता जी पोरं त्या बोटींवर आहेत त्यांचं काय, हे तिने धरलं. जो अधिकारी भेटेल त्याला ती एकच सांगायची, "आमच्या माणसांना तोंडी इचारू नका. ती न्हायच म्हणणार. तपासा. दरसाली डोळे तपासा, तोल तपासा, यंत्रावर उभं करा." मोठ्या दाढीच्या एका अधिकाऱ्याने तिला विचारलं म्हणे, की बाई, तुमच्या नवऱ्याचं काम तर झालं, आता कशाला येता? ती म्हणाली, "नवऱ्याचं काम उशिरा झालं, साहेब." त्यावर त्यांनी तिला बसायला सांगितलं. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. अजून चाललं आहे असं हरेश सांगतो. आता तोच तिच्या बाजूने बोलतो आणि कोणी हसलं तर त्यालाच ऐकवतो.

मिलिंदला आठवड्यातून बरेचदा जावं लागायचं आणि एस.टी.चे धक्के त्याला सोसायचे नाहीत, म्हणून ती दोघं शहरात, इस्पितळाजवळ एक खोली घेऊन राहायला गेली. माझी विळी तिच्याकडेच राहिली.

मी तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. माझ्या भाचीचं काम होतं म्हणून शहरात गेले होते, आणि थोडी सुपारी देऊन यावी म्हणून इस्पितळात गेले. त्या विभागात एक लांब खोली आहे. जमिनीवर पिवळी रेघ काढलेली आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काचेतून आतलं दिसत होतं. मिलिंद त्या रेघेवरून चालत होता, डोळे मिटून. शिकवणारी मुलगी बाजूने, हात न लावता चालत होती. रेघेच्या दुसऱ्या टोकाला वहिनी उभी होती. केस बरेच पांढरे झाले होते. पाऊल टाकणाऱ्या मुलासमोर आई धरते तसे तिने दोन्ही हात पुढे धरले होते. बोलायचं नाही असं तिला सांगितलं असावं, कारण ओठ आत घट्ट धरलेले होते.

तो मध्यापर्यंत नीट आला. मग थांबला. डोलला. ती मुलगी पुढे झाली नाही. वहिनीचा एक पाय उचलला गेला आणि तिने तो पुन्हा जागच्या जागी ठेवला. मिलिंद उभाच होता, डोळे मिटून, गुडघे किंचित वाकवून. पडला नाही आणि पुढेही आला नाही.

मला हाक मारायची होती, पण तिथं हाक मारायची नव्हती हे मलाही कळत होतं. एस.टी.ची वेळ झाली होती. सुपारीची पुडी बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईकडे दिली, कोणाला द्यायची ते सांगितलं. निघताना पुन्हा एकदा काचेतून पाहिलं. तो रेघेच्या मध्यावरच होता. वहिनीचे हात अजून पुढेच होते.